हंगामाच्या सणाच्या केरसुण्या

आता घर मीच झाडतो. वाकवत नाही, तरी झाडतो. बायको गेल्यापासून दुसरं कोण झाडणार? दम लागला की कॉटवर बसतो आणि नको ते आठवत राहतं. लिहिणं हे काही माझं काम नव्हे, चौथीत शाळा सुटली. पण ऐकायला समोर कोणी उरलं नाही, म्हणून लिहितो.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती तेव्हाची गोष्ट. आम्ही परळला चाळीत राहायचो, मी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होतो. गिरण्या आज चालू तर उद्या बंद. रस्त्यात दगड, काचा, पोलिसांच्या गाड्या. मुंबई आपल्याला मिळावी असं मलाही वाटायचं, पण पोटात काय घालायचं हे त्याच्या आधी वाटायचं. म्हणून मी घरात केरसुण्या बांधायला बसलो.

हे आमच्या जातीचं काम. नगरकडच्या गावात माझा बाप मांगवाड्यात बसून शिंदीची पानं चिरायचा. तो ख्रिस्ती झाला, मला घेऊन मुंबईला आला आणि बजावलं, पुन्हा शिंदीला हात लावशील तर मला तोंड दाखवू नकोस. तो वारला होता म्हणून हात लावता आला. तरी दार लोटूनच बांधायचो.

बायको चर्चमध्ये शब्बाथशाळा घ्यायची. आम्हाला मूल नव्हतं, रविवारची पोरं हीच तिची पोरं. त्यांना ती एकच गोष्ट घोळवून घोळवून सांगायची. डोळे मिटले म्हणजे झाली प्रार्थना असं नाही. बाप साचा चालवतो, आई भाकरी थापते, तेही मनापासून केलं तर देवाला पोचतं. प्रभू स्वतः सुतार होता, त्याच्या हाताला घट्टे असणारच. मला हे काही पटायचं नाही. दिवसभर साच्यापुढे उभं राहून कान बधिर होतात, त्यातलं देवाला काय पोचतं? ती म्हणायची, दमल्यावर तुम्हाला काहीच पटत नाही. ते मात्र खरं होतं.

हंगामाचा सण आला. गावाकडे त्या दिवशी आपली माणसं पहिलं धान्य, भोपळा, कोंबडी असं काहीबाही चर्चमध्ये आणतात, पुढच्या मेजावर ठेवतात, उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. मुंबईत शेत कुठलं? म्हणून बायकोनं पोरांना सांगितलं, ज्याच्या घरी जे काम चालतं त्यातलं काहीतरी आणा. पण पोरांचे बापच घरी बसलेले, काम कुठून आणणार? एक पोरगी मोठी चावट होती. ती म्हणाली, "बाई, आमचे बाबा सध्या नुसते झोपतात. ते आणू का?"

बायको हसत हसत घरी आली आणि मला म्हणाली, पोरांना केरसुणी शिकवा.

"त्यांच्या बापांनी गाव सोडलं ते यातून सुटायला," मी म्हणालो. "तू त्यांना परत त्यातच बसवतेस?"

"तिथं गावातले लोक करून घेत होते. इथं तुम्ही आपण होऊन शिकवणार. फरक नाही का?"

मला फरक दिसला नाही. पण तिच्याशी वाद घालायला अंगात जोर लागतो, तो नव्हता.

चाळीच्या गॅलरीत पोरं बसली. दार लोटून करायचं काम सगळ्या मजल्यासमोर आलं. पानाला पाण्याचा हात लावा, फणीनं चिरा, मुठीशी पीळ द्या, सगळं शिकवलं. शेवटची गाठ तेवढी मीच मारत होतो. बायकोनं दोन दिवस पाहिलं आणि विचारलं, ती गाठ का शिकवत नाही?

"ती माझ्या बापाची आहे. त्यांच्या हाताला नको."

ती खाली पडलेल्या काड्या गोळा करायला लागली.

शनिवारी चर्चच्या मंडळीचे एक पंच आले. कचेरीत कारकून, अंगात कायम कोट. म्हणाले, दिवाळीत हिंदू लोक केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहतात, ती आपल्या मेजावर ठेवली तर मूर्तिपूजा होईल. कारण दाखवायला चांगलं होतं. पण ते आमच्याच तालुक्यातले. त्यांचाही बाप शिंदीच चिरायचा. मला ते ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. बोलताना ते माझ्या हातांकडे बघत होते.

मी मान खाली घातली. मनातून सुटल्यासारखंच वाटलं. बायको म्हणाली, "मेजावर नको तर राहू दे. केरसुणी काय ठेवायला असते?"

रविवारी उपासनेच्या आधी तिनं सगळी पोरं चर्चमध्ये नेली आणि झाडायला लावली. दगडफेकीत एक खिडकी फुटली होती, तिच्या काचा बाकांखाली गेलेल्या. हळूहळू माणसं येऊन बसायला लागली तरी पोरं झाडतच होती. पंच पहिल्या बाकावर बसले. ती चावट पोरगी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"काका, पाय वर घ्या."

पंचांनी बुटांसकट दोन्ही पाय वर घेतले. तिनं सावकाश, कोपऱ्यापर्यंत झाडलं, तोवर ते तसेच अधांतरी. मागच्या बाकावर कोणीतरी खाकरलं.

मग ती सरळ माझ्याकडे आली. हातात केरसुणी, पण मूठ मोकळी, पानं फिसकटलेली. म्हणाली, गाठ कशी मारता ते बघायला सोडली, आता जमत नाही. सगळी मंडळी बघत होती. नाही म्हणून उठून जाता आलं असतं. बायको खिडकीपाशी काचा भरत होती, तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मी तिथंच, दोन बाकांच्या मधे, फरशीवर बसलो आणि बांधायला घेतलं.

"हळू करा ना. दिसत नाही," पोरगी म्हणाली. बाकीचीही येऊन उकिडवी बसली.

मी हळू केलं. मग सोडून परत केलं. मग तिच्या हातात दिलं. तिची गाठ घसरली, परत घसरली. पंच बाकावरून वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अंगठा आत दाबून धर. नाहीतर सुटतंच ते."

आणि सरळ होऊन त्यांनी कोट नीट केला.

घरी येताना बायकोनं एवढंच विचारलं, दमलात का? मी हो म्हणालो. देवाला काय पोचलं ते मला तेव्हाही कळलं नाही, आजही कळत नाही. पण त्या दिवसापासून मी दार लोटलं नाही. ती गाठ बायकोही शिकली, आणि घरची केरसुणी तीच बांधायला लागली.

घरातली शेवटची केरसुणीही तिनंच बांधलेली. गावाहून शिंदी मागवली होती. आता ती झिजून वीतभर उरली आहे. दुकानातून लांब दांड्याची आणा, असं शेजारीण रोज सांगते. आणीन. गाठ अजून सैल झालेली नाही, आणि वाकून वाकून माझी कंबर गेली.