सुलतानाच्या हत्तीपुढे

बिदरच्या एका बहमनी सुलतानावर कोल्हापुरात चित्रपट निघाला, तेव्हा मी हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. स्टुडिओवाल्यांना फारसी दरबाराची माहिती हवी होती, म्हणून त्यांनी मला बोलावलं आणि मी हुरळलो. या सुलतानाचं राज्य जेमतेम तीन-साडेतीन वर्षांचं. पण भावाने बंड केल्यावर हा असा पिसाळला, की बंडखोर तर सोडाच, त्यांच्या घरचे आचारी-नोकरही त्याने मारून टाकले. माणसं मस्तवाल हत्तींपुढे टाकली, असं तवारिखा सांगतात. शेवटी म्हणे नोकरांनीच त्याचा काटा काढला. हे सगळं मी दिग्दर्शकाला चहा पीत पीत रंगवून सांगितलं होतं.

नेमका हत्तीच्या प्रसंगाला कैदी होणारा नट तापाने पडला. ‘‘मास्तर, तुम्हीच व्हा ना कैदी,’’ दिग्दर्शक म्हणाला. माझी अक्कल त्या दिवशी रजेवर असावी. हातपाय बांधून मला मैदानात आडवं केलं. हत्तीने माझ्याजवळ यायचं, पाय उचलायचा आणि थांबायचं, एवढंच ठरलं होतं.

हत्ती संस्थानातला, तरुणपणी साठमारीत धावलेला. मैदानात कापडं फडकावून हत्तीला चिडवायचं आणि तो अंगावर आला की दगडी बुरुजाआड पळायचं, हा आमच्याकडचा राजेशाही खेळ. दरबारी गर्दी म्हणून उभी केलेली माणसं इथल्या पेठांतली, साठमारी बघत वाढलेली. दिग्दर्शक मुंबईचा. त्याने ‘‘ओरडा!’’ म्हटलं आणि त्या भल्या माणसांनी सवयीने शिट्ट्या मारत अंगावरचे शेले फडकावले.

हत्तीची सोंड वर गेली आणि तो धावत सुटला.

‘‘शेलं खाली घ्या रं! मास्तर मरतंय की!’’ माहूत वरून बोंबलत होता.

जमीन पाठीखाली हादरत होती. बायको आठवली, देव काही आठवला नाही. धोतर ओलं झालं, ते आता कशाला लपवू? सिंहासनावरचा सुलतान जागचा हलला नाही. कॅमेरा चालू होता.

माहुताने अंकुश कानामागे रोवला. माझ्या छातीवर आलेला पाय तसाच थांबला, त्याची धूळ तोंडावर पडली, मग तो शेजारी टेकला.

कुणीतरी माझे दोर सोडले. माहूत खाली उतरून माझ्याजवळ बसला. ‘‘आता त्यो खवळलाय, मास्तर. परत न्हाय जमायचं. न्हाय म्हणून सांगा.’’

तेवढ्यात दिग्दर्शक धावत आला, आनंदाने डोळे भरलेले. ‘‘वा! काय भीती दाखवलीत! पण धुळीत चेहरा दिसला नाही. एकदा अजून घेऊ.’’

सगळे माझ्याकडे बघत होते. हत्तीची भीती अंगातून गेली नव्हती. पण एवढ्या लोकांसमोर नाही म्हणायची भीती त्याहून मोठी निघाली. मी मुकाट्याने दोन्ही हात बांधायला पुढे केले.