बयाबाईंची झाकणं

आमच्या गावात माणूस मेला तरी लग्नाला यायचं सोडत नाही. कोंडाजीबाबांना जाऊन तीस वर्षं झाली, पण तीन वर्षांपूर्वीपर्यंत गावातलं प्रत्येक वरण कोंडाजीबाबांतच शिजत होतं. भाताला सखूबाई. लापशीला तुळसाबाई, कारण तुळसाबाईचं बूड जाड, लापशी करपत नाही.

घाबरू नका. शिनोलीच्या अलीकडे आत वळलं की लागणाऱ्या आमच्या गावात जुनी रीत आहे. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की त्याच्या नावानं गावाला एक मोठं तांब्याचं तपेलं द्यायचं. काठाखाली त्याचं नाव ठोकायचं, झाकणावरही ठोकायचं आणि तपेलं चावडीमागच्या खोलीत नेऊन ठेवायचं. ज्याच्या घरी कार्य त्यानं न्यावं, घासूनपुसून परत आणावं. पहिलं तपेलं दिलं बौद्धवाडीनं, खंडूबाबांच्या नावानं. मग बाकीच्यांना लाज वाटली आणि बघता बघता सहा झाली.

त्या खोलीची किल्ली बयाबाईंच्या कमरेला. बयाबाई अडुसष्ट वर्षांच्या, अंगानं काटकुळ्या, आवाजानं मात्र दोन वाड्या पलीकडे पोचणाऱ्या. भांडी कोण नेतं, कधी आणतं, याची त्यांच्याकडे कुठंही नोंद नव्हती. गरजच नव्हती. त्या तपेल्यांशी माणसांसारख्याच वागत.

"आज खंडूबाबा न्या. सखूबाईला ऱ्हाऊ द्या, तिचा कान ढिला झालाय."

सखूबाई म्हणजे बयाबाईंची सासू. जिवंतपणी दोघींचं एक दिवस पटलं नाही. पण सासूच्या नावाचं तपेलं खोलीत आल्यापासून बयाबाई त्याला चिंच लावून आरशासारखं ठेवत आणि घासता घासता त्याच्याशी भांडतही. "आता बोला की. आता का गप?" असं त्यांना तपेल्याला विचारताना मी स्वतः ऐकलं आहे.

या सगळ्यावर एक भांडी कमिटी होती आणि कमिटीचे अध्यक्ष होते सुभाषराव. सुभाषराव हे ज्यांचा फ्लेक्स प्रत्येक फाट्यावर असतो पण निवडणुकीत नाव कुठंच नसतं, अशांपैकी. कडक इस्त्री, मनगटावर घड्याळ, तोंडात सदैव 'आपलं गाव'. तीन वर्षांपूर्वी चैत्रात ते पिकअप घेऊन आले. गाव सगळं कांदा काढायला शेतात.

"काकी, सगळ्या तपेल्यांना कल्हई करून आणतो. कमिटीचा ठराव झालाय."

बयाबाईंनी खोली उघडून दिली. सहाच्या सहा तपेली पिकअपमध्ये चढली. सखूबाईचा ढिला कान बयाबाईंनी फडक्यानं बांधून दिला, प्रवासात दुखू नये म्हणून.

ती तपेली परत आली नाहीत. पहिल्यांदा कल्हईवाला गावाला गेला होता. मग तो आजारी होता. मग दिवाळीनंतर गावची बैठक झाली आणि तिथं सुभाषरावांनी शांतपणे सांगितलं, "तपेली मी केव्हाच आणून दिली. काकींनी स्वतः उतरवून घेतली. आता त्यांचं वय झालंय, विसरल्या असतील. किंवा..." त्या 'किंवा'वर ते थांबले, पाणी प्याले आणि म्हणाले, "मी कुणावर आरोप करत नाही. पण गावच्या मालमत्तेचा अपहार झालाय एवढं खरं."

किल्ली बयाबाईंकडं होती. नोंद नव्हती. साक्षीदार सगळे कांद्यात होते. बयाबाईंनी कमरेची किल्ली सोडून सतरंजीवर ठेवली आणि घरी आल्या. त्या दिवसापासून लग्नाची चिठ्ठी त्यांच्या दारात येई, पण 'काकी, भांडी' म्हणून कुणी येईना. दुकानात गेल्या की बोलणं थांबे. मोठ्या आवाजाची ती बाई इतकी हळू बोलायला लागली की सूनबाई रत्नाला दोनदा विचारावं लागे.

आता एक गुपित सांगतो. ते फक्त रत्नाला माहीत होतं.

तपेली गेली तेव्हा झाकणं गेली नव्हती. झाकणं बयाबाईंच्या पत्र्यावर होती, आणि त्यांच्यावर कुरडया वाळत होत्या. तांब्याचं झाकण उन्हात असं तापतं की सकाळी घातलेली कुरडई दुपारी खडखडीत. दर चैत्रात बयाबाई गावची झाकणं गुपचूप घरी नेत आणि कुरडया झाल्या की गुपचूप परत ठेवत. घाईत सुभाषरावांना झाकणांचा पत्ता नव्हता आणि बयाबाईंना त्यांची आठवण झाली तेव्हा पिकअप घोडेगावच्या पुढं गेली होती.

"आत्या, बैठकीत सांगा की झाकणं आपल्याकडं हायेत म्हणून!" रत्ना कितीदा म्हणाली.

"काय सांगू? गावच्या भांड्यांवर माझ्या घरच्या कुरडया वाळवते म्हणून? म्हंजी झाकणंबी हिनंच चोरली, मग तपेली कुणी चोरली ते इचारायलाच नको."

यात चूक काढता येत नाही. सहा झाकणं माळ्यावर गेली, वर गोधडी पडली.

मग यंदाच्या फाल्गुनात आमच्याकडं एक साखरपुडा झाला. आचारी होता मढचा गोकुळ. जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुक्यांत असा एक मांडव नाही जिथं गोकुळनं मीठ टाकलं नाही. आता गावाला भाड्याची जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली आणावी लागत. गोकुळ ती बघून करवादला.

"काय राव, असल्यात भात खाली लागतो. त्यापेक्षा ते नारायणगाव रोडचं कार्यालय बरं. तिथं तांब्याची तपेली हायेत, लई झ्याक. पण मालक येडा. एकालाबी झाकण नाय! सहा तपेली, वर सहा पराती झाकाव्या लागत्यात. आर्धी वाफ जाती."

बयाबाई पानावर जिलेबी वाढत होत्या. जिलेबी पानात पडायची ती पाहुण्याच्या मांडीवर पडली.

"गोकुळ, त्यातल्या एकाचा कान ढिला हाय का रं?"

"डावा. तुमाला कसं ठावं, मावशी?"

तीन वर्षांनी आमच्या गावानं बयाबाईंचा खरा आवाज ऐकला. "रत्ने!" त्या ओरडल्या, "माळ्यावरची गोधडी काढ!"

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकीत हवालदारांसमोर बयाबाईंनी गोणी रिकामी केली. सहा झाकणं टेबलावर खणाणली, कपातला चहा सांडला.

"आजी, हे काय?"

"पुरावा. अन् आधी माझा गुन्हा लिहून घ्या. झाकणांचा अपहार मी केलाय. कुरडयांसाठी. तीन वर्षं घरात हायेत. आता सुभाषचा लिहा."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. सगळी हकिगत ऐकली. विश्वासानं ताब्यात दिलेली वस्तू आपली म्हणून विकली की तो फौजदारी विश्वासघात, हे त्यांनी समजावून सांगितलं. पण ती तपेली तुमचीच हे कसं ठरवायचं?

"साहेब, हे कोंडाजीबाबाचं. शिनोलीच्या चढावर बैलगाडीतनं पडलं तवा झाकणासकट पडलं. पोचा दोघांना एकदमच आलाय. ह्या झाकणाला जगात दुसरं तपेलं बसणार नाय. सहाचंबी तसंच."

रविवारी त्या कार्यालयात मोठं लग्न होतं आणि गोकुळचंच काम होतं. हवालदार साध्या कपड्यांत आले. चौकशीला आले की जेवायला हे त्यांनी शेवटपर्यंत उघड केलं नाही. बयाबाई आणि रत्ना गोकुळच्या टेम्पोतून, मांडीवर झाकणं घेऊन. आमचं अर्धं गाव पाहुणं होतंच, कारण नवरी शिनोलीची. आणि स्टेजवर, पहिल्या खुर्चीवर, फेटा बांधून सुभाषराव. त्यांना वगळून आमच्याकडं लग्न लागत नाही.

बयाबाई अक्षता पडेपर्यंत हलल्या नाहीत. "लेकीच्या लग्नात इघ्न नको," म्हणाल्या. अक्षता पडल्या तशा उठून तडक भटारखान्यात.

सहा तपेली ओळीनं चुलाणावर. काठाखाली जिथं नावं होती तिथं ग्राइंडर मारून गुळगुळीत केलेलं, नव्या तांब्याचे पट्टे चमकत होते. गोकुळनं पहिली परात उचलली. बयाबाईंनी कोंडाजीबाबांचं झाकण घेतलं, पोच्याला पोचा लावून जरासं फिरवलं. टक्! बसलं. खंडूबाबा, टक्. तुळसाबाई, टक्. सखूबाईचं झाकण त्यांनी आधी पदरानं पुसलं.

"बसा आता. लई हिंडलात," म्हणाल्या, आणि तेही बसलं. राहिलेली दोन बसली तेव्हा हवालदारांच्या हातातली भजी हातातच राहिली होती.

कार्यालयाचा मालक धावत आला. "अहो, मी रीतसर घेतलीत! सुभाषरावांकडून! त्यांची वडिलोपार्जित होती." चिठ्ठी दाखवली. खाली सुभाषरावांची झोकदार सही.

सुभाषराव स्टेजवरून खाली आले ते घामेजलेलेच. "काकी, भर लग्नात तमाशा नको. बाहेर बोलू."

"भर बैठकीत बोलतानी तुला बाहेर दिसलं नाय व्हय?"

आमच्या लग्नांत माइकवर एक जण सतत पाहुण्यांची नावं घेत असतो. अमुक साहेब उपस्थित आहेत, तमुक भाऊंचं स्वागत आहे. त्याच्या हातातला माइक रत्नानं कसा घेतला हे त्यालाही सांगता आलं नाही. तो तिनं सासूच्या तोंडापुढं धरला. बयाबाईंना झाकणं वाचायची गरज नव्हती.

"या लग्नाला आमच्या गावचे कैलासवासी कोंडाजीबाबा हजर हायेत," त्यांचा आवाज मांडवाच्या पार पलीकडं, लेण्याद्रीच्या डोंगरापर्यंत गेला असावा. "खंडूबाबा हजर हायेत. तुळसाबाई, रखमाबाई, धोंडिबाबा हजर हायेत. माझी सासू सखूबाई हजर हाय. तीन वर्षं ह्यास्नी हितं परक्याच्या चुलीवर बसवलं व्हतं. बसवणारे सुभाषरावबी हजर हायेत. त्यांचं स्वागत हवालदार साहेब करतील."

आमच्या गावच्या बाजूनं कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग वरपक्षानंही वाजवली, त्यांना काही कळलेलं नसताना. हवालदारांनी हात पुसून खरोखरच स्वागत केलं. फेट्यासकट नेलं.

सुभाषरावांवर खटला उभा आहे. तपेली मुद्देमाल म्हणून जप्त झाली, आणि दीड महिन्यानं कोर्टानं ती सुपूर्तनाम्यावर गावाला परत दिली. कागदावर ताबा घेणाऱ्याचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा अख्ख्या गावानं एकच नाव सांगितलं. बयाबाईंनी कोर्टात सही केली. त्या सहीला जागा अपुरी पडली.

फाट्यापासून चावडीपर्यंत बँजो लावून सहा तपेल्यांची मिरवणूक निघाली. प्रत्येक तपेलं ज्याच्या त्याच्या नातवाच्या खांद्यावर, खंडूबाबांचं त्यांच्या नातीच्या, यशोधराच्या. त्यानंतरच्या बैठकीत आधी किल्ली परत दिली गेली. दुकानात गप्प बसणारेच ती द्यायला पुढं होते. मग बयाबाई उठून म्हणाल्या, "आता माझ्या गुन्ह्याचं बोला. कुरडयांचं." हवालदारांनी तो मुळी लिहूनच घेतला नव्हता, याचा त्यांना राग होता.

गावानं एकमतानं ठराव केला की चैत्रात झाकणं बयाबाईंकडंच राहतील, मात्र प्रत्येक घरात एक एक पायली कुरडया पोचल्या पाहिजेत.

नावं ठोकणारा कारागीर बोलावला. सखूबाईचं तपेलं पुढ्यात घेऊन त्यानं विचारलं, "काय घालू? काही वाढवायचंय?"

"तिचंच घाल, व्हतं तसं," बयाबाई म्हणाल्या. "माझं एवढ्यात लागत नाय."

मग त्यांनी चिंचेचा गोळा घेतला आणि तपेल्याकडं वळल्या. "काय वो सासूबाई, कार्यालयात ऱ्हायला लई आवडलं काय?"