आजची रात्रपाळी

आमच्या ह्यांनी उभा जन्म गोदामाच्या फाटकावर रात्रपाळीची राखण केली. निवृत्त झाले तरी मेली खोड जाईना. रात्रभर टक्क जागे, दिवसा डाराडूर! लेकीकडे परदेशात राहिलो, तिथेही तेच.

परतताना दुसरं विमान सकाळी होतं, म्हणून विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलो. लेकीकडे तेव्हा भर दुपार, आणि आमच्या अंगातलं घड्याळ अजून तिकडचंच. माझ्या डोळ्याला डोळा लागेना. हे मात्र दिवा मालवताच घोरायला लागले. रात्री झोपलेला नवरा मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते.

बाहेरून कुणाची तरी बॅग गडगडत गेली. हे झोपेतच ओरडले, "कोण आहे?"

"झोपा हो," त्यांचं पांघरूण सारखं करत मी म्हटलं, "आज फाटकावर मी आहे."