बाटलीवरची अक्षरं

एका मंगळवारी माझा नवरा इथे परदेशात, ईस्ट टामाकीतल्या कारखान्यात कोसळला आणि रुग्णालयात पोचण्याआधीच गेला.

त्याच्या सात आठवडे आधी मनुरेवातल्या फुटबॉल क्लबने त्याला काढून टाकलं होतं. तो पुण्याचा इंजिनिअर. कॉलेजात असताना गोलकीपर होता, म्हणून इथे दर शनिवारी पोरांना गोलकीपिंग शिकवायचा. भारतीय म्हणजे क्रिकेटच, असं धरून क्लबचा मुख्य कोच सगळ्यांसमोर विचारायचा, "बॅट घरी विसरलास वाटतं?" नवरा हसायचा. मला हसू यायचं नाही. त्याला काढल्याचं ईमेल दोन ओळींचं होतं. त्यानंतरही शनिवारी सकाळी तो बूट घालून खुर्चीत बसून राहायचा. हृदयविकार कशाने होतो, हे मी पुष्कळ वाचलं आहे. तरी मी कोचलाच दोषी धरते.

नवऱ्याचा लाडका विद्यार्थी मलावीहून आलेल्या कुटुंबातला होता. तो नवऱ्याला 'काका' म्हणायचा. कोणत्या नंबरचा खेळाडू पेनल्टी कोणत्या बाजूला मारतो, याची चिठ्ठी गोलकीपर पाण्याच्या बाटलीवर चिकटवतात. समोरच्या संघाला ती वाचता येऊ नये म्हणून नवऱ्याने त्या पोराला आमच्या स्वयंपाकघरात बसवून देवनागरी शिकवली.

नवरा गेल्यावर वर्षभरातच पोरगा व्यावसायिक संघात गेला. अंतिम सामन्यात त्याने तीन पेनल्टी अडवल्या, आणि टीव्हीवर त्याची बाटली दिसली. अक्षर वेडंवाकडं, त्याचं स्वतःचं. कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे किराणा दुकानात, त्याचं पोस्टर लागलं. शेजारची मुलं त्याच्यासारखे हिरवे हातमोजे मागू लागली. मग एका मुलाखतीत कोच म्हणाला, "ती सांकेतिक लिपी माझी कल्पना."

क्लबने पोराचा सत्कार ठेवला. मी गेले ते कोचला तोंडघशी पाडायलाच. टेबलावर करंडकाशेजारी ती बाटली मांडली होती. कोचने पुन्हा तेच सांगितलं. मी उठून उभी राहिले.

"मग वाचून दाखवा ना."

"ते गुपित आहे, मॅडम." लोक हसले.

"सामना तर संपलाय. आता कसलं गुपित?"

त्याने बाटली हातात घेतली, फिरवली, पुन्हा फिरवली. मागून कोणीतरी ओरडलं, "चष्मा देऊ का, कोच?"

पोराने बाटली त्याच्याकडून काढून घेतली आणि माइकवर मराठीत वाचलं, "नऊ, डावीकडे. अकरा, थांब." मग इंग्रजीत म्हणाला, "हे मला काकांनी शिकवलं. याच क्लबने त्यांना काढून टाकलं."

कोचचा चेहरा पडला. मी तो डोळे भरून पाहिला. नवरा गेल्यापासून इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं. पोरगा माइकपाशी उभा राहून रडत होता, हे मला दुसऱ्यांनी सांगितलं. मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं.

क्लबचं माफीचं पत्र आलं, मी उत्तर दिलेलं नाही. कोच अजून तिथेच आहे. शनिवारी सराव सुरू झाला की मी कुंपणापाशी जाऊन उभी राहते. तो माझ्याकडे बघत नाही. सराव संपेपर्यंत मी तिथून हलत नाही.