साल सोडून माप

माझ्या साडभाऊंनी आजवर कुठल्याही छापील आकड्यावर विश्वास ठेवलेला नाही, आणि त्यामुळे त्यांच्या घरात बसलेला माणूस सतत कशाची तरी वाट बघत असतो. छताच्या पंख्याला त्यांनी कंपनीपेक्षा मोठा कंडेन्सर घातला आहे. तो पंखा फिरत नाही, निघून जायची तयारी करत असतो. पाहुणे बोलता बोलता खुर्ची भिंतीकडे सरकवत राहतात. कुकरच्या शिट्टीवर त्यांनी एक लोखंडी नट बसवला, कारण कंपनी वाफेला भिते असं त्यांचं मत. तेव्हापासून बाईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीने, कुकर परसात नेला. वरण शिजेपर्यंत सगळं घर पुढच्या ओसरीत बसतं. औषधावरची मुदत, थर्मामीटरमधला ताप, इन्व्हर्टरवर लिहिलेला भार, या सगळ्यांत बनवणाऱ्याने काही ना काही राखून ठेवलेलं असतं आणि ते काढून घेणं हा शहाण्या माणसाचा हक्क असतो, असं ते मानतात. आलापल्लीहून गडचिरोलीची बस साडेतीनला असेल तर ते मला तीन सदतीसला घरातून सोडत. वेळापत्रकातही सात मिनिटं राखलेली असतात म्हणे. बस चारच्या आत कधी आलीच नाही, म्हणून हा सिद्धांत कधी खोटा ठरला नाही.

या तत्त्वज्ञानाचं मूळ लाकडात आहे. साडभाऊंची सगळी नोकरी आलापल्लीच्या सागवानाच्या डेपोत मापणी करण्यात गेली. लठ्ठ्याची, म्हणजे ओंडक्याची, गोलाई मोजायची ती साल सोडून. लांबीत वरची चार बोटं असली तर ती लिहायची नाहीत. आत पोकळ असेल तर तेवढं वजा करायचं. म्हणजे कागदावर जेवढं लाकूड, त्याहून लठ्ठ्यात नेहमी थोडं जास्त. लिलावात बोली लावणाऱ्याला हे ठाऊक असायचं, साडभाऊंना ठाऊक असायचं, आणि न सांगता व्यवहार चालायचा. पस्तीसेक वर्षं हेच केल्यावर माणसाला जग साल सोडून मापलेलं दिसू लागलं तर नवल नाही. निवृत्तीच्या समारंभात तीन वक्त्यांनी त्यांच्या सचोटीची जी काही लांबी सांगितली, तिच्यातूनही ते चार बोटं वजा करत असावेत, असा त्यांचा चेहरा होता.

निवृत्तीनंतर ते कॉम्प्युटरकडे वळले. चंद्रपूरहून त्यांनी एक जुना गेमिंग लॅपटॉप आणला. गेम त्यांनी एकही खेळला नाही. त्यांना आतलं ग्राफिक्स कार्ड हवं होतं, कारण त्याच्यावर एक आकडा लिहिलेला होता. ते कार्ड किती वेगाने धावेल, किती वीज खाईल, हे बायोस नावाच्या एका छोट्या मजकुरात लिहिलेलं असतं, मशीन जागं होतं तेही त्या मजकुराच्या बळावर, आणि तो मजकूर पुसून दुसरा लिहिता येतो, हे त्यांना कुठल्याशा व्हिडिओवरून कळलं. त्या दिवशी त्यांचा चेहरा पहिल्यांदा समुद्र पाहिलेल्या माणसासारखा झाला होता, असं बाई सांगतात. महिनाभरात त्यांनी आपल्या कार्डाचा मजकूर बदलला आणि मशीन चाललं. चाललं, हेच सगळ्यात वाईट झालं. त्यानंतर आल्यागेल्याला ते पडद्यावर एक केसाळ कडं गरगर फिरताना दाखवत. हे कडं कार्डाला दमवण्यासाठीच बनवलेलं असतं. कड्याच्या बाजूला आठ महिने तापमानाचे आकडे एप्रिलच्या चंद्रपूरसारखे चढत असत. उष्णतेने बॅटरी भाकरीसारखी फुगली, तेव्हा त्यांनी ती काढून टाकली आणि मशीन थेट विजेवर लावलं. गावातल्या एका फोटो स्टुडिओवाल्याने मोहात पडून आपला लॅपटॉप त्यांच्या हाती दिला. तो पुन्हा उठला नाही. साडभाऊंनी तो कानाजवळ धरून बोटाने टकटक केलं आणि निदान सांगितलं, "आतून पोकळ होता."

माझी मुलगी प्रणाली त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे राहत होती. जंगलात जनावरांचे फोटो काढणारे कॅमेरे झाडांना बांधायचे, त्यातले फोटो आणून तपासायचे, असं तिचं काम. मोहाची फुलं पडायला लागली होती. बाया पहाटे टोपल्या घेऊन जंगलात शिरत होत्या, आणि त्याच भागात एक वाघीण पिल्लांसह फिरत असल्याची कुणकुण होती. ती नाल्याच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. शनिवारी अकरा वाजता गावात बैठक होती. तोपर्यंत फोटोंतून उत्तर निघालं तर नाल्याची तेवढी एक बाजू बंद ठेवता आली असती. नाहीतर एक तर सगळं जंगल बंद, म्हणजे बायांचा वर्षाचा मोह गेला. किंवा सगळं उघडं, म्हणजे काय ते सांगायला नको. फोटो हजारो, त्यांत बहुतेक हलणाऱ्या गवताचे. ते चाळायचं काम प्रणालीच्या लॅपटॉपमधलं ग्राफिक्स कार्ड करत होतं, आणि त्याच्या चालीने ते रविवारी संपणार होतं. तशी ती बुधवारी म्हणाली, आणि साडभाऊंनी भाताचा घास हातात तसाच धरला. त्यांच्या डोळ्यांत काय आलं ते तिने ओळखलं. "मोठेबाबा, माया लॅपटॉपले हात नाई लावायचा," ती म्हणाली. गुरुवारी दुपारी ती उरलेल्या कॅमेऱ्यांतली मेमरी कार्डं आणायला जंगलात गेली. मी सुटीमुळे तिथे होतो. लॅपटॉप टेबलावर आपल्या चालीने गवत चाळत होता. साडभाऊ त्याच्यासमोर बसले होते, लठ्ठ्यासमोर बसावं तसे.

"मास्तर," ते म्हणाले, "कंपनीनं हे बी साल सोडून मापलं हाये."

मी म्हणालो, "भाऊ, पोरगी हात नोका लावू म्हणून गेली."

"हात काऊन लावू? पेनड्राइव्ह लावून राह्यलो."

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी उठून तो पेनड्राइव्ह काढू शकलो असतो. आयुष्यभर मी वर्गात पोरांना विवेकावर निबंध लिहायला लावले आहेत. पण रविवारचा शनिवार होणार असेल तर व्हावा, असं मलाही वाटत होतं. त्या बायांतल्या काहींच्या घरी प्रणाली जेवली होती. मी खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि गप्प बसलो.

त्यांनी आधीचा मजकूर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवला. त्या फाइलला 'मूळ माप' असं नाव दिलं, कारण डेपोत मूळ मापाचा कागद फाडायचा नसतो. मग नवा मजकूर लिहायला घेतला. पडद्यावर पट्टी सरकू लागली. दहा. तीस. पंखा वर आपल्या तयारीत होता. साडभाऊंचा डावा हात मांडीवर गोलाई मोजल्यासारखा उघडत मिटत होता. साठ. परसात कुकर चढला होता, त्याचाही काही भरवसा नव्हता. नव्वद. शंभर. झालं. ते माझ्याकडे वळून हसले, आणि लॅपटॉप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. म्हणजे त्याचा दिवा लागला, आतला पंखा जीव खाऊन फिरू लागला, आणि पडदा काळाच राहिला. "उठून राह्यलं," ते म्हणाले. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाले. अर्ध्या तासाने काहीच म्हणाले नाहीत. मी 'पोकळ' हा शब्द ऐकायच्या तयारीने बसलो होतो. तो आला नाही, आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

चूक काय झाली ते त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. कार्डाचं नाव तेच होतं, पण आतले मेमरीचे तुकडे दुसऱ्या कंपनीचे होते, म्हणजे मजकूर दुसऱ्याच जातीचा. मोठ्या कॉम्प्युटरात कार्ड सुटं असतं, चूक झाली तर एकटं कार्ड मरतं. प्रणालीच्या लॅपटॉपमध्ये कार्डाचा आणि सगळ्या मशीनचा मजकूर एकाच चिपेत होता. मूळ माप पेनड्राइव्हवर सुखरूप होतं, पण ते परत लिहायला मशीन आधी जागं व्हायला हवं, आणि जागं व्हायचं कसं तेच पुसलं गेलं होतं. आता ती चिप बाहेरून यंत्र लावून लिहावी लागणार, आणि ते यंत्र नागपूरला.

चारच्या सुमारास प्रणाली आली. टेबल पाहिलं, आम्हा दोघांना पाहिलं, आणि पाणी प्यायली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. फोटो बाहेरच्या हार्डडिस्कवर होते, चाळलेल्याची यादीही तिथेच, म्हणजे फक्त चाळणारं मशीन गेलं होतं. तसं मशीन त्या घरात आणखी एकच होतं. तिने खुर्ची ओढली आणि साडभाऊंसमोर बसली.

"मोठेबाबा, तुमचा लॅपटॉप कामावर घातला तर किती वेळ टिकते?"

"टिकते ना."

"खरा आकडा सांगा."

साडभाऊ पंख्याकडे बघत राहिले. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"वीस मिनिटं," ते म्हणाले. "मंग बंद पडते. दोन महिने झाले."

म्हणजे ते कडं आम्हाला दोन महिने एकोणीस मिनिटंच दाखवलं जात होतं. मला हसू यायला हवं होतं.

"मंग त्याले कंपनीच्या मापावर आना," प्रणाली म्हणाली. "आत्ता."

त्या लॅपटॉपचंही मूळ माप त्यांनी जपून ठेवलं होतं. ते परत लिहायला काही मिनिटं पुरतात. मात्र त्या मिनिटांत वीज गेली तर तोही त्या पहिल्याच्या शेजारी जाऊन निजतो, आणि याला बॅटरी नव्हती. इन्व्हर्टरवर लावावं असं मी सुचवलं. साडभाऊ म्हणाले, इन्व्हर्टरले मी आधीच हात लावेल हाये, आणि विषय संपला. बाहेर वारा सुटला होता, परसातलं टिन वाजत होतं, आणि असा वारा सुटला की आमच्याकडे वीज आधी जाते. त्यांनी ओळखीच्या लाइनमनला फोन लावला आणि दहा मिनिटं लाइन जाऊ देऊ नको म्हणून विनवलं. फोनमधला आवाज खोलीभर ऐकू आला. "भाऊ, लाइन माया हातात हाये. वारा नाई."

बाईंनी न सांगता घरातलं सगळं बंद केलं. फ्रिज, कूलर, शेवटी पंखा. त्या घरात पंखा थांबलेला मी प्रथमच ऐकत होतो. साडभाऊंनी बोट कळीवर ठेवलं आणि काढलं, पुन्हा ठेवलं. मग पट्टी सरकू लागली. वीस. चाळीस. टिन वाजत होतं. प्रणालीने टेबलाची कड धरली होती. सत्तरला खोलीतला एकटा दिवा पिवळा पडला, एवढा की तार दिसली, आणि तसाच राहिला.  अ‍ॅडॅप्टरवरचा बारीक हिरवा दिवा मात्र लागलेला होता. साडभाऊ त्याच्याकडे बघत पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव असेल. जवळ वाकलो तर ते गोलाईचे आकडे म्हणत होते, जुन्या लठ्ठ्यांचे, एकामागून एक. खोलीतला दिवा पुन्हा पांढरा झाला. शंभर. मशीन बंद झालं, आणि उठलं. पडद्यावर कंपनीचं नाव आलं. त्या नावाकडे इतक्या आदराने बघताना मी साडभाऊंना त्याआधी पाहिलं नव्हतं.

मग ते मशीन चाललं. त्याची चाल साधी होती, पण ते थांबलं नाही. शुक्रवारी दिवसभर साडभाऊ त्याच्याशेजारी हातपंखा घेऊन बसले, जेवायलाही उठले नाहीत, आणि आकडा वर गेला की वारा घालायचे. प्रणालीने आधी नाल्याकाठच्या कॅमेऱ्यांचे फोटो घातले, म्हणजे अर्ध्यात बंद पडलं तरी कामाचं तेवढं हाती लागेल. शनिवारी सकाळी साडेआठला नाल्याच्या दोन्ही काठांचं चाळून झालं होतं. बैठकीत मंडप होता, हार होते, आणि एका साहेबांनी माणूस आणि निसर्ग यांच्या नात्यावर असं भाषण केलं की त्यातली साल काढली असती तर काही उरलं नसतं. त्यानंतर प्रणालीने फोटो दाखवले. वाघीण आणि दोन पिल्लं, तीन वेगवेगळ्या दिवशी, नाल्याच्या अलीकडे. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि म्हणाली, "हा तर माया मोह हाये." आदल्याच दिवशी पहाटे ती त्या झाडाखाली होती. अलीकडचा काठ बंद झाला, पलीकडचा उघडा राहिला, आणि त्या हंगामात तिथून सगळ्या बाया घरी परत आल्या.

प्रणालीचा लॅपटॉप नागपूरहून दुरुस्त होऊन आला. साडभाऊंचा अजून कंपनीच्याच मापावर आहे. केसाळ कडं ते आता कुणाला दाखवत नाहीत. कुकर परसातच असतो, पण शिट्टीवरचा नट निघाला आहे, हे बाईंनी मला खुणेने दाखवलं. मागच्या खेपेला मी धीर करून विचारलंच, की लाकडाचा तुमचा हिशोब तर कधी चुकला नाही, मग हा कसा चुकला. त्यांनी दाढी खाजवली.

"मास्तर, डेपोत यायचं थे झाड मेलेलं असायचं," ते म्हणाले. "मेल्याले साल कायले पायजे? हे जितं होतं."

मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि एकदम उठले. साडेतीनची बस आहे, साडेतीनला निघते, आत्ताच निघा, असं म्हणून त्यांनी माझी पिशवी स्वतः दाराशी नेली. मी तीन वीसला स्टँडवर पोचलो. बाकावर कुणी नव्हतं. बस चार वाजून पाच मिनिटांनी आली. मधला पाऊण तास मी एकटा त्या उन्हात बसून विचार करत होतो की माणसाने इतकंही सुधारू नये. निदान ती सात मिनिटं तरी त्यांनी ठेवायला हवी होती.