काविळीची माळ आणि घागर

माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे पेशी हा शब्द मी पहिल्यांदा इस्पितळात ऐकला. सत्तर सालानंतरची गोष्ट. आम्ही मुलुंडला चाळीत राहायचो आणि तीन महिने माझी कावीळ हटत नव्हती. डॉक्टरांनी बरगड्यांतून सुई घालून यकृताचा कण काढला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि ह्यांना म्हणाले, "रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे पहारेकरी. यांच्या यकृतात त्यांची गर्दी झालीय. घरच्यांनाच चोर समजून बडवतायत."

त्यांना आवरायला गोळ्या दिल्या. मनाने थांबवल्या तर जिवावर बेतेल, असंही बजावलं.

घरी सासूबाईंनी विचारलं, "कुठले पहारेकरी?"

"आई, तिच्याच अंगातले."

"म्हणजे दोष हिचाच. मला वाटलंच."

शेजारच्या काकूंच्या मते यकृत फक्त दारूने बिघडतं. नळावर त्या म्हणाल्या, "हिचा नवरा सुपारीही खात नाही. मग पितं कोण गं?" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी बादली उचलून घरी आले. त्यानंतर कितीतरी दिवस मी ताकसुद्धा भिंतीकडे तोंड करून प्यायले.

त्याच आठवड्यात सासूबाईंनी घाटकोपरच्या एका वैदूकडून काविळीची माळ आणली. झाडाच्या मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात गाठवलेली, इवलीशी. ती डोक्यावर ठेवायची. रोज थोडी वाढत ती गळ्यात, मग कमरेवर येते आणि पायांतून निघाली की कावीळ गेली. मुळ्या सुकल्या की गाठी सैल पडून माळ लांबणारच, हे गजरे करणारी कुठलीही बाई सांगेल. मी गजरे छान करायचे. तरी माळेसाठी डोकं पुढे केलं.

गोळ्यांनी माझे डोळे निवळले. श्रेय माळेला गेलं. गोळ्यांनीच तोंड पुरीसारखं फुगलं, तेव्हा काकू म्हणाल्या, "सून भरली हो! गोड बातमी वाटतं?" माळ पायांतून निघाली त्या दिवशी सासूबाईंनी पेढे वाटले आणि गोळ्यांची बाटली फडताळात लोणच्याच्या बरणीमागे टाकली.

"आता ते विष कशाला? ताकदीचा काढा घे. पहारेकरी दणकट होऊ देत."

आमचे हे वर्तमानपत्र वाचत होते. मी काढा प्यायले.

पंधरवड्यात आरशात डोळे पुन्हा पिवळे दिसले. सासूबाई दुसरी माळ घेऊन आल्या. ती डोक्यावर ठेवायला हात पुढे केला, तशी मी मागे सरकले. त्या घरात मी कधी मोठ्याने बोलले नव्हते. तेव्हाही आवाज लहानच निघाला.

"आई, मला मरायचं नाही. ही घागरीला घाला. तिच्यावरूनही उतरेल."

मी स्टुलावर चढले, बाटली काढली आणि ह्यांना म्हटलं, "चला डॉक्टरांकडे." वर्तमानपत्राची घडी झाली. डॉक्टर ह्यांना असे झाडत होते, की मलाच लाज वाटली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

माळ मी खरंच घागरीच्या गळ्यात बांधली होती. चौथ्या दिवशी ती घागरीच्या पोटावर आली, आठवड्याने जमिनीवर. चाळ बघून गेली. सासूबाईंनी घागर फिरवून पाहिली.

"पितळेची आहे," त्या म्हणाल्या. "पिवळी असणारच."

मग त्याच घागरीतलं भांडंभर पाणी त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. "गोळी घ्यायची राहिलीय तुझी."