ढेरपोट्याच्या टाळ्या

आमचा दादा कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या चित्रांना चालवायचा, बोलायला लावायचा. मुलांच्या धड्यांतल्या अस्वलाने हात कधी हलवायचा, तोंड कधी उघडायचं, सगळे हुकूम याचे. ऑफिसात नवीन आलेल्यांकडून तो एकच गोष्ट घोकून घ्यायचा, "हुकूम दिला म्हणजे काम झालं नाही. 'संपलं' असा निरोप येईपर्यंत थांबा. आणि आला तरी बघा, काम जमून संपलं की मधेच तुटलं. निरोप दोन्ही वेळा येतो." मी म्हणायचे, "अरे, घरी तरी माणसासारखं बोल!"

मग वहिनीला पक्षाघाताचा झटका आला आणि तिची वाचाच गेली. डॉक्टर म्हणाले, रोज बोलायचा सराव करून घ्या. झालं! दादाने तेच अस्वल घरच्या कॉम्प्युटरवर बसवलं आणि पडदा, माइक वहिनीच्या पलंगाशी मांडले. त्याला ढेरपोट्या हे नाव मीच ठेवलं. ढेरपोट्या वहिनीला सांगायचा, "म्हणा, अहो," आणि कानाला हात लावून थांबायचा. शब्द ऐकू आला की टाळ्या वाजवणार होता. दादाला तेवढी एकच हाक हवी होती. लग्न झाल्यापासून ती त्याला तशीच बोलवायची. "बाकी काही नको गं. एकदा अहो म्हणू दे," म्हणायचा आणि डोळे पुसायचा. महिने गेले, पण त्या मेल्याचा हात कानावरून काही हलेना. मी त्याच्यावरच चिडायचे. दुसऱ्या कुणावर चिडणार?

एका सकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात होतो आणि वहिनीच्या खोलीतून टाळ्या ऐकू आल्या. दादाच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "बोलली! अगं, बोलली ती!" म्हणत तो धावत सुटला.

वहिनीची मान कलंडली होती, श्वास थांबला होता. हात पलंगावरून खाली लोंबत होता, आणि त्याच्या ओढीने माइकची वायर निसटून जमिनीवर पडली होती. ढेरपोट्याचं ऐकणंच तुटलं होतं, आणि 'संपलं' एवढ्या निरोपावरच त्याने टाळ्या वाजवल्या होत्या. जन्मभर दुसऱ्यांना जे बजावलं, तेवढंच बायकोच्या वेळी बघायचं राहिलं होतं रे देवा! मी पडदा बंद केला.

दादा तिचा हात धरून बसला. मग त्याने विचारलं, "निरोप कसला होता गं? जमल्याचा की तुटल्याचा?"

वायर माझ्या पायाशीच होती. मी ती पायाने पलंगाखाली सारली.

"जमल्याचा, दादा. मी ऐकलं तिला."